पाणी किती न्यायचे?

सहलीला जायचे म्हटले की आपल्याकडे आधी डब्याचा विचार होतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा, झालेच तर उकडलेली अंडी. मग सतरंजी, मग मुलांचे कपडे. पाण्याची बाटली निघता निघता भरली जाते, कारण पाणी वाटेत कुठेतरी मिळणार ही खात्री असते. आम्ही मात्र गेला महिनाभर रोज रात्री जेवणे झाली की वही घेऊन पाण्याचा हिशेब करीत बसतो आहोत. येत्या जानेवारीत आम्हाला सहलीला जायचे आहे ते वाळवंटात, आणि तेही एक रात्र मुक्काम करून.

आम्ही पोटापाण्यासाठी ओमान देशात, मस्कत शहरात राहतो. आमच्यापैकी एकजण गॅरेजात मेकॅनिक आहे, दुसरी घरी बसून शिवणकाम करते. थोरली आठवीत आहे, धाकटा तिसरीत. आखातात गेलेला माणूस वाळवंटातच राहतो असे गावाकडच्या मंडळींना वाटते. खरे तर मस्कत हे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेले शहर आहे. खोली, गॅरेज, शाळा आणि बाजार एवढ्यातच आमची इतकी वर्षे गेली. वाळवंट आम्ही पहिल्यांदा पाहिले ते गेल्या हिवाळ्यात, आई गावाहून तीन महिन्यांसाठी आली तेव्हा. त्या दिवशी जे घडले ते समाजबांधवांपासून लपवण्यात अर्थ नाही. चूक आमचीच होती.

मस्कतपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास बिदिया नावाचे गाव आहे. बिदबिद ते सूर हा चांगला रुंद डांबरी रस्ता तेथे नेतो. बिदियाच्या पलीकडे वहिबाचे वाळवंट सुरू होते. उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ८० किलोमीटर नुसती वाळू. काही ठिकाणी वाळूच्या टेकड्या शंभर मीटरपर्यंत उंच आहेत. तेथे काहीच जगत नसेल असे वाटते, पण तसे नाही. ब्रिटनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या अभ्यासकांनी १९८६ साली येथे मुक्काम करून पाहणी केली, तेव्हा सुमारे दीडशे जातींच्या वनस्पती त्यांना आढळल्या. पिढ्यान् पिढ्या बदू लोक येथे उंट आणि शेळ्या पाळून राहतात.

गेल्या वर्षी आम्ही तेथे गेलो ते एका जुन्या फोर बाय फोर गाडीत. सोबत दुसरी गाडी नाही. पाणी म्हणाल तर पाच माणसांत बारा छोट्या बाटल्या. पोहोचलो ऐन दुपारी. चारही चाकांत डांबरी रस्त्याचीच पस्तीस पौंड हवा होती. वाळूत शिरण्याआधी हवा कमी करावी असे ऐकले होते, पण आमच्यातल्या मेकॅनिकला वाटले, हवा कमी केली तर टायर खराब होईल. वीस वर्षे गाड्या दुरुस्त करणाऱ्याला कोण शिकवणार? गाडी दोन टेकड्या चढली आणि तिसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी रुतली. बाहेर निघावी म्हणून जोराने ॲक्सिलरेटर दाबला. चाके जागच्या जागी फिरत राहिली, वाळू खणत राहिली, आणि गाडी पोटावर बसली. मोबाइलला रेंज नव्हती. इंजिन आम्हाला कळत होते, वाळू कळत नव्हती.

तीन तास गेले. धाकट्याचे ओठ सुकले. शेवटची बाटली आम्ही मुलांसाठी राखून ठेवली. आई म्हणत होती, मला तहान नाही. ते खोटे आहे हे आम्हाला कळत होते.

सूर्य कलायला लागला तेव्हा एक म्हातारा बदू आपल्या पिकअपमधून आला. त्याने आम्हाला काही विचारले नाही. चाकाजवळ उकिडवा बसला, एक काडी उचलली आणि व्हॉल्व्हमध्ये दाबून धरली. फुस्स करून हवा निघू लागली. चारही चाकांची हवा त्याने निम्म्याहून कमी केली. मग हातांनी पोटाखालची आणि चाकांमागची वाळू उपसली, स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि गाडी आल्या वाटेने मागे घेतली. दोर लावलाच नाही! आमचा मेकॅनिक मान खाली घालून उभा होता.

त्यानंतर त्याने पिकअपमधून पाण्याचा कॅन काढला आणि स्टीलचा एक वाडगा भरला. वयाने मोठी म्हणून पहिला वाडगा आईपुढे धरला. आणि आईने काय करावे? तिने दोन्ही हात पुढे करून ओंजळ धरली.

आमच्या पोटात कालवले. आईचे बालपण मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेले. भारताची घटना लागू होऊन अस्पृश्यता कायद्याने संपली होती, पण गावची विहीर संपलेली नव्हती. विहिरीपासून दूर उभे राहायचे, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार, आपण ओंजळीत घ्यायचे. पुढे आई तालुक्याला आली, धम्मात वाढली, विहाराच्या महिला मंडळात पुढे होऊन बोलू लागली. पण तहानेने जीव कासावीस झाला आणि समोर परका माणूस पाणी घेऊन उभा राहिला, तेव्हा तिच्या हातांनी साठ वर्षांपूर्वीचीच गोष्ट केली.

त्या म्हाताऱ्याला ओंजळीचा अर्थ काय कळणार? त्याने पाणी ओतले नाही. वाडगा तसाच तिच्यापुढे धरून उभा राहिला. थोड्या वेळाने आईने हात सोडवले, वाडगा घेतला आणि तोंडाला लावला. तिचे झाल्यावर त्याच वाडग्यातून मुले प्यायली, आम्ही प्यालो आणि शेवटी तोही प्याला. परतीच्या वाटेवर आई एक शब्द बोलली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, हे आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो. ते पाणी किती मोलाचे होते हे त्या दिवशी आम्हाला नव्याने कळले.

यंदा आई पुन्हा आली आहे आणि तिनेच विषय काढला, “तिथं परत जायचं. पण बिनबोभाट जायचं, कुनाला हाक मारायची पाळी येऊ नये.” म्हणून यंदाची तयारी ही सगळ्या घराची तयारी आहे.

तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. कुणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा. आम्ही यात आणखी एक ओळ आमच्यापुरती घातली आहे: आपल्याला सगळे कळते असेही मानू नका. गेल्या दोन महिन्यांत आम्ही अनुभवी चालकांना भेटलो, विचारले आणि जे सांगितले ते शहराबाहेरच्या मोकळ्या वाळूत थोडे थोडे करून पाहिले. त्यातून जे पटले ते वहीत उतरले.

पहिली गोष्ट, एकट्याने जायचे नाही. शेजारचे केरळी कुटुंब त्यांची गाडी घेऊन येत आहे. ते चौघे, आम्ही पाच. एक गाडी रुतली तर दुसरी तिला टोचन करून काढील. पुढे कोण, मागे कोण हे आधीच ठरले आहे. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की पुढच्याने थांबायचे. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने सगळ्यांनी चालायचे.

दुसरी गोष्ट हवेची. वाळूत शिरण्याआधी चाकांची हवा पंधरा ते अठरा पौंडांवर आणायची. टायर पसरतो, जमिनीवर त्याचा लांब पाय पडतो, वजन वाटले जाते आणि चाक रुतत नाही. अनवाणी माणूस वाळूत सहज चालतो आणि टाचेच्या चपलांनी रुततो, तसेच हे. मात्र कमी हवेवर जोरात वळण घेतले तर टायर रिमवरून सुटतो. आणि डांबरी रस्त्यावर परतल्यावर हवा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही, टायर तापून फुटतो. त्यासाठी मालकाची परवानगी काढून गॅरेजचा छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचे मीटर नेणार आहोत.

तिसरी गोष्ट चालवण्याची. टेकडी चढायची ती सरळ आणि उतरायची तीही सरळ. आडवी गाडी घातली तर कलंडते. माथ्यापलीकडे काय आहे हे उतरून पायी पाहिल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. थांबताना जोरात ब्रेक मारायचा नाही, गाडीचे तोंड उताराकडे ठेवायचे. चाक फिरून खणू लागले की ताबडतोब पाय काढायचा. सकाळी गार वाळू घट्ट असते, दुपारी सैल होते. शिवाय ऐन दुपारी सावली पडत नाही आणि खड्डा दिसत नाही. म्हणून पहाटे मस्कतहून निघायचे आणि दिवस मावळायच्या कितीतरी आधी मुक्कामाची जागा गाठायची. सामानात दोन फावडी, जाड दोर, स्टेपनी, आणि जॅकखाली ठेवायला लाकडी फळी. फळी नसेल तर जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच वाळूत जातो.

चौथी गोष्ट हवामानाची. वाळवंटात जाणाऱ्याने पावसाला भ्यावे हे ऐकून हसू येईल. पण १४ एप्रिल २०२४ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्याच दिवशी, याच शर्किया भागात जोराचा पाऊस झाला. येथे कोरड्या ओढ्याला वाडी म्हणतात. त्या वाडीला अचानक लोंढा आला आणि शाळेच्या मुलांची गाडी वाहून गेली, मुले गेली. आम्ही घरी फोटोला हार घालून बसलो होतो. बातमी आली आणि घास उतरला नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे. पाऊस सांगितला असेल तर सहल रद्द. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही. आणि वाडीच्या पात्रातली वाळू कितीही सपाट, मऊ दिसली तरी तेथे तंबू ठोकायचा नाही.

पुरुषांनी केलेल्या पहिल्या यादीत एक गोष्ट नव्हतीच. बायकांनी आडोशाला कुठे जायचे? मैलभर उघडे रान. थोरलीने हे तोंडावर विचारले तेव्हा सगळे गप्प झाले. आता जुन्या पडद्यांचा एक उभा आडोसा शिवून तयार आहे, सोबत खुरपे आहे. रात्री थंडी आणि दंव असते म्हणून ताडपत्री आणि गोधड्या आहेत. बॅटऱ्या आणि औषधांची पेटी आहे. जेवणासाठी गॅसची शेगडी नेणार, कारण तेथील झाड तोडून चूल पेटवायची नाही. येथे घाफ नावाचे झाड आहे. आईने पाने पाहिली आणि म्हणाली, “ही तर आपली सौंदड!” खरेच, आपली शमी तीच ही घाफ. खोल मुळांवर जगते, उंटांना चारा देते, माणसाला सावली देते. तिची फांदी मोडणे म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या घरातले मोडणे.

घरी राहणाऱ्या मित्राकडे आमचा मार्ग, माणसांची संख्या आणि परतायची वेळ लिहून ठेवणार आहोत. ठरल्या वेळेला फोन आला नाही तर त्याने ९९९९ या पोलिसांच्या नंबरवर कळवायचे. सगळी यादी थोरलीच्या ताब्यात आहे. प्रत्येक वस्तू गाडीत चढली की तिने खूण करायची आणि तिने हो म्हटल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, असा ठराव घरात पास झाला आहे. मेकॅनिकनेही त्यावर हात वर केला आहे.

राहिले पाणी. हिशेब असा: माणशी दिवसाला पाच लिटर, नऊ माणसे, दोन दिवस, म्हणजे नव्वद लिटर. अडकून पडलो तर एक दिवस जास्तीचा, आणखी पंचेचाळीस. एकूण एकशे पस्तीस लिटर. एकाच पिंपात नाही, तर लहान लहान कॅनमध्ये आणि दोन्ही गाड्यांत वाटून, म्हणजे एक कॅन फुटला किंवा एक गाडी अडली तरी सगळे जाणार नाही. आम्ही खाली रेघ मारली आणि वही मिटली.

आईने विचारले, “ह्यात वाटेवरच्या मानसाचं कुठं हाय?”

आम्हाला आधी समजले नाही. ती म्हणाली, “आपल्यापुरतं मोजून नेलं तर आपल्यापुरतंच पुरंल. आपल्यासारखं कुनी रुतून बसलं असंल, तर त्याला काय नुसतं बघून यायचं?”

वही पुन्हा उघडली. एकशे पस्तीसच्या खाली आणखी एक वीस लिटरचा कॅन लिहिला. त्याच्यापुढे आईने स्वतः सांगून एक वस्तू लिहवून घेतली: स्टीलचा वाडगा, एक. आमच्या घरात फुलपात्रे आहेत, प्लॅस्टिकचे पेले आहेत, पण तिला वाडगाच हवा होता. तो तिने परवा रुवीच्या बाजारातून स्वतः निवडून आणला, चिंचेने घासला आणि यादीत खूण करायला नातीला हाक मारली.

सर्वांना जयभीम.