डिंक्याचा भाऊबंद

संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळताना तुम्ही पाहिलाच असेल. त्या डिंक्या रोगाचा भाऊबंद मला वेल्समधल्या कुमकार्नच्या डोंगरात भेटला.

मुलीकडे गेलो असता जावईबापूंनी मोटारीतून तिकडे नेले. या दरीतली कोळशाची खाण १९६८ साली बंद पडली. पुढे १९७२ मध्ये डोंगरावरच्या जंगलातून सात मैलांचा रस्ता प्रवाशांसाठी खुला झाला. दोन्ही अंगांना उंच लार्च वृक्ष. पण फायटोफ्थोरा जातीच्या बुरशीने ते गाठले. आपल्या डिंक्याची बुरशी पाण्यातून पसरते. ही पावसाळी हवेतूनही जाते. फवारून झाड वाचत नाही. २०१४ साली रस्ता बंद केला, दीड लाखांवर लार्च तोडले, आणि २०२१ साली तो पुन्हा उघडला. आता तिथे ओक, बर्च अशी मिश्र झाडे वाढताहेत.

दीड लाख झाडे! मला मात्र एक बाग आठवली. रोगट झाडाच्या आळ्यातले पाणी पुढच्या आळ्यात सोडू नका, हे मालकाला मी एकदाच सांगितले. ते वडीलधारे, शिवाय पाहुणचार केलेला. भिडेपोटी पुन्हा बोललो नाही. पाणी तसेच वाहत राहिले. चार वर्षांत निम्मी बाग सरपणाला गेली.

परतताना मी बुटांचा चिखल काडीने खरवडू लागलो. जावई हसले. मी मात्र दुसराही बूट नीट साफ केला, मगच गाडीत बसलो.