नोंद

होटगीस राहणाऱ्या माणसास नोंदवहीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गास विजापूर-गदगचा फाटा येथेच फुटतो. कोणती गाडी किती वाजता आली आणि कोठे रवाना झाली, हे स्टेशनात बिनचूक लिहिले जाते. मालगाडीचा एक डबा जरी नाहीसा झाला, तरी तो शेवटी कोठे दिसला याचा जाब कोणाला तरी द्यावाच लागतो. राज्यसंस्थेने माणसाच्या बाबतीत एवढी तरी दक्षता बाळगावी, अशी अपेक्षा करणे अवाजवी खास नव्हे.

परंतु ती नेहमीच बाळगली जाते असे नाही. २ डिसेंबर २००२ रोजी मुंबईस घाटकोपर येथे बसमध्ये स्फोट झाला. त्या तपासात परभणीचा सत्तावीस वर्षांचा संगणक-अभियंता ख्वाजा यूनुस यास अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की, औरंगाबादेस नेत असता पारनेरजवळ गाडीस अपघात झाला आणि तो पळाला. उलट, कोठडीत त्यास निर्दय मारहाण होताना आपण पाहिले, असे एका सहआरोपीने सांगितले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली; चौकशी झाली, काही पोलिसांवर खटला भरला गेला, आणि २०१२ मध्ये तिला वीस लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. मुलाचे प्रेत मात्र तिला मिळाले नाही. स्फोटाच्या खटल्यातील इतर आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. म्हणजे मुलगा गेला, आणि बाँब कोणी ठेवला हेही सिद्ध झाले नाही!

हे एकाच धर्माच्या माणसाचे दुर्दैव आहे, असे कोणी समजू नये. मालेगावच्या २००८ मधील स्फोटाच्या तपासात महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने दिलीप पाटीदार यास इंदूरहून नेले. आम्ही त्यास सोडून दिले, असे पथकाचे म्हणणे. तो घरी आला नाही, असे कुटुंबाचे.

कोणी म्हणेल, बाँब ठेवणारा कोठे नोंद करून बाँब ठेवतो? खरे आहे. पण म्हणूनच त्यास आपण गुन्हेगार म्हणतो आणि दुसऱ्यास सरकार म्हणतो. आमच्या सोलापुराने १९३० साली लष्करी कायदा भोगला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी झाली. तो अन्यायच होता. तथापि त्या अन्यायास आरोप होता, खटला होता, तारीख होती. म्हणून त्याचा निषेध करता आला, आणि आजही त्या दिवशी आपण मान लववतो. बेपत्ता झालेल्याच्या घरी पुण्यतिथी कोणत्या दिवशी करावी? सात वर्षे खबर नसली, तर कायदा माणूस मेला असे गृहीत धरू देतो. आईच्या मनास तसे कलम लागू पडत नाही.

उपाय अज्ञात नाही. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, हे घटनेच्या बाविसाव्या कलमात आहे. जबरदस्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्ये सही केली, पण त्यास अद्याप अंतिम मान्यता दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात तर अटकेची वेळ व तारीख लिहावी, आप्तांस कळवावे, कोठडी कोणाच्या ताब्यात आहे हे वहीत नमूद करावे, असे बजावले. आणि अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतील एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष घ्यावी, असेही सांगितले.

हा प्रतिष्ठित गृहस्थ म्हणजे कोण? माझ्या मते, हे मासिक ज्यांच्या घरी येते, तेच आपण. शेजारच्या घरापुढे रात्री गाडी उभी राहिली असता आपण खिडकी लावून घेतली, तर त्या कागदावर सही कोणी करावयाची?