देवरुखपेक्षा जवळ

धाकटा नोकरीसाठी सिंगापूरला निघाला तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "किती तास?"

अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं असतं हे आमच्या आईला मान्य नाही. देवरुख रात्रीच्या एस.टी.ने नऊ तास, हे तिचं माप. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. आकडे विचारले की राहवत नाही. म्हटलं, "मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. विमान साडेपाच तासांत पोचवतं."

"म्हणजे देवरुखपेक्षा जवळ!" असं म्हणून आई निवांतपणे लाडू वळायला गेली.

डोंबिवलीहून विमानतळ दोन तास आणि तिथे तीन तास आधी हजेरी, हे धरलं तर साडेदहा तास होतात. पण लाडू वळणाऱ्या बाईला असले आकडे सांगू नयेत.

घोटाळा तिकिटाने केला. रात्री बाराला सुटून सकाळी आठला पोचणार! "आठ तास झाले की रे," आई म्हणाली. मग तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असतं, हे समजावलं.

"आणि येताना?"

"दुपारी बाराला सुटलं की आपल्याकडच्या तीनला इथे."

"जायला आठ, यायला तीन! मग यायला सोपंच आहे की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. धाकट्याकडेही नसावं. चार वर्षांत तो एकदाच आला.

खरं तर हे अडीच तासही शुद्ध नाहीत. सूर्याच्या हिशेबाने आपल्या प्रमाणवेळेत आणि सिंगापुरात दीड तासाचाही फरक पडत नाही. पण मलेशियाशी जमवून घ्यायला त्यांनी १ जानेवारी १९८२ला घड्याळ आणखी अर्धा तास पुढे सारलं. त्यामुळे तिथे बारा महिने सूर्य सातच्या आसपास उगवतो. आपली मुंबईसुद्धा सूर्याप्रमाणे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागेच आहे. हे मी एकदा लेट मार्क लागताना साहेबांना सांगून पाहिलं. त्यांनी सूर्याचा रजेचा अर्ज मागितला.

आईला मात्र आता अडीच तास तोंडपाठ झालेत. संध्याकाळी साडेपाचला ती चहाचा कप खाली ठेवते आणि म्हणते, "आठ वाजले त्याचे. जेवला असेल."

परवा असाच चहा पिताना तिने विचारलं, "जाताना ते अडीच तास काढून घेतात, ते येताना परत देतात ना?"

"हो."

"आणि माणूस परत आलाच नाही तर?"

धनी न सापडणारी रक्कम बँकेत आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. तिथे ती वर्षानुवर्षं पडून राहते, दर तिमाहीला कोणी तरी तिच्याकडे बघून उसासा टाकतो. हे काही मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, "येईल गं. साडेपाच तासांचं तर विमान."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली आणि तिने माझ्या हातातला रिकामा कप घेतला.