अर्धी प्रार्थना

आमच्या वसईकडील जुन्या ख्रिस्ती घरांत दिवेलागणीची एक ठरलेली खूण असे. चर्चची सायंकाळची घंटा झाली, कीं वाडींत काम करणारीं माणसें विहिरीवर हातपाय धुवून घरांत येत, मुलांचीं दप्तरें कोपऱ्यांत सरत आणि भिंतीवरच्या क्रूसापुढें सतरंजी अंथरली जाई. मग जपमाळ सुरू होई. ज्या वाचकांच्या घरीं तिन्हीसांजेला शुभंकरोति आणि परवचा म्हणण्याची चाल होती, त्यांना हें दृश्य परकें वाटूं नये. देवाचीं नांवें निराळीं असलीं, तरी देवापुढें बसल्यावर लहान मुलांना येणारी झोंप सर्व धर्मांत सारखीच असते!

एकत्र प्रार्थना करणारें कुटुंब एकत्र टिकतें, अशा अर्थाचें एक वाक्य आम्हां कॅथॉलिक लोकांत फार प्रचलित आहे. पॅट्रिक पेटन नांवाच्या, आयर्लंडांत जन्मलेल्या अमेरिकन धर्मगुरूंनीं १९४२ सालीं घरोघर जपमाळ म्हटली जावी म्हणून चळवळ आरंभिली, आणि तिच्याबरोबर हें वाक्यहि देशोदेशीं गेलें. तरुणपणीं मला तें फारसें पटत नसे. रोज संध्याकाळीं एका सतरंजीवर बसणारे भाऊ वाटणीसाठीं कोर्टांत समोरासमोर उभे राहिलेले मीं पाहिले होते. मी शाळेंत गणित शिकवीत असें. नियम सांगायचा तर त्याला अपवाद नसावा, असा माझा हट्ट होता. त्या वाक्यांत तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हें मला पुस्तकानें शिकविलें नाहीं. तें शिकविलें माझ्याच एका अपराधानें.

तो सांगण्यापूर्वीं जपमाळेची रीत थोडी सांगितली पाहिजे. तिच्यांत पांच रहस्यें असतात, आणि प्रत्येक रहस्यांत मरियेची प्रार्थना दहा वेळां होते. आरंभीं एकदां आणि मग प्रत्येक रहस्याच्या अगोदर एकदां, अशी प्रभूनें शिकविलेली प्रार्थना एकंदर सहा वेळां येते. या सर्व प्रार्थना दोन भागांत म्हणावयाच्या असतात. पुढाकार घेणारा पूर्वार्ध म्हणतो आणि बाकीचीं सर्व उत्तरार्ध म्हणतात. आमच्या घरीं पुढाकार पुरुषाचा. आजोबांनंतर तो वडिलांकडे आला आणि वडिलांनंतर माझ्याकडे. पांचहि रहस्यें घरच्या कर्त्यानेंच सांगावयाची, अशी आमची वहिवाट होती. तिच्यांत कांहीं वावगें आहे, असें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नव्हतें.

आमचें लग्न १९७८ सालीं झालें. १९९० च्या सुमारास वसईच्या जमिनींना सोन्याचा भाव येऊं लागला होता. केळीच्या बागा आणि पानवेलीचे मांडव जाऊन तेथें इमारती उभ्या राहतील, या भीतीनें फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली होती, आणि तिच्या सभांना मीहि जात असें. आणि त्याच दिवसांत मीं आमच्या वाडीच्या रस्त्याकडील सात गुंठ्यांचा इसार घेतला. घराला पैसा हवा होता, हें खरें. परंतु तो कां हवा, किती हवा, आणि त्यासाठीं काय विकावें, यांपैकीं एकहि गोष्ट मीं पत्नीशीं बोललों नाहीं. जमीन वडिलोपार्जित, उतारा माझ्या नांवाचा. मग विचारावयाचें कोणाला? तिला ती बातमी बाजारांत एका शेजारणीकडून कळली.

ती घरीं आली, पिशवी खालीं ठेवली आणि शांतपणें म्हणाली, “जमीन तुमची आहे, हें मला ठाऊक आहे. पण बारा वर्षांपूर्वीं मीं चर्चमध्यें ‘होय’ म्हटलें, तेव्हां मीं तुमचा सातबारा पाहायला मागितला नव्हता, अहो.”

त्यानंतर ती माझ्याशीं बोलेनाशी झाली. भांडण झालें असतें तर बरें, असें वाटावें अशी ती शांतता होती. जेवणाचें ताट वेळेवर येई. शाळेचे कपडे धुतलेले मिळत. मुलांच्या देखत जरुरीपुरते शब्द होत. उपवासकाळाचे दिवस होते. घरांत मांस शिजत नव्हतें आणि शब्दहि शिजत नव्हता. खंड पडला नाहीं तो एका जपमाळेला. मी पूर्वार्ध म्हणे, आणि आई व दोन मुलें यांच्या आवाजांत मिसळलेला पत्नीचा उत्तरार्ध माझ्या कानावर येई. दिवसांतून तेवढाच तिचा आवाज मला मोकळेपणानें ऐकूं येत असे.

एका शुक्रवारीं माझा घसा थोडा बसला होता. माझी आई तेव्हां सत्तरीच्या पलीकडे गेलेली. ती सतरंजीवरून म्हणाली, “आज तूं राहूं दे. सूनबाई सांगेल.” घसा इतका कांहीं बसला नव्हता, परंतु आईच्या स्वरांत अशी कांहीं धार होती, कीं मीं जपमाळ मुकाट्यानें पत्नीच्या हातीं दिली.

तिनें आरंभ केला. देवाचें नांव पवित्र मानलें जावो, त्याची इच्छा पूर्ण होवो, येथपर्यंतचा भाग तिचा. मग माझी पाळी आली. रोजची भाकर मागून झाली, आणि पुढचें वाक्य ओंठांवर येतांच मी अडखळलों. तें वाक्य क्षमेचें आहे. आम्हांला क्षमा कर, आणि तीहि आम्ही दुसऱ्यांना करतों त्या मापानें. मुलें पुढें गेलीं, आई पुढें गेली, आणि मी मागें राहिलों. मग मरियेची प्रार्थना सुरू झाली. तिच्याहि पूर्वार्धांत केवळ स्तुति आहे; आम्हां पाप्यांसाठीं विनंति कर, हें मागणें उत्तरार्धांत आहे.

मी हिशेबाचा माणूस. त्या सतरंजीवर बसल्या बसल्या मीं मनांत गुणाकार केला. दिवसाला सहा वेळां, वर्षाला दोन हजारांवर, बारा वर्षांत सव्वीस हजारांहून अधिक वेळां माझ्या पत्नीनें या घरांत क्षमा मागितली होती. आणि मीं? मी कर्ता पुरुष म्हणून स्तुतीचा भाग म्हणत आलों होतों. माझ्या घरीं माझ्या तोंडून ‘आम्ही पापी’ हे शब्द कधीं निघालेच नव्हते. रविवारीं चर्चमध्यें मी तेहि म्हणत असें. परंतु शेंकडों लोकांच्या आवाजांत एकट्याचा आवाज लपवावयाला कितीशी जागा लागते?

जपमाळ संपली. मी स्वयंपाकघरांत गेलों आणि तिला म्हणालों, “माझें चुकलें. विकण्यापूर्वीं तुला विचारावयाला हवें होतें.” तिनें चुलीवरचें भांडें उतरविलें, पदरानें हात पुसले आणि म्हणाली, “जमीन गेली ती गेली. यापुढें सही करण्याआधीं मला विचारा.” एवढेंच. कादंबरींतल्याप्रमाणें तिनें डोळ्यांना पदर लावला नाहीं, आणि मीहि नाहीं. व्यवहार मोडतां आला नाहीं. त्या सात गुंठ्यांवर आज चार मजली इमारत उभी आहे आणि तिची सावली दुपारनंतर आमच्या अंगणांत पडते. परंतु त्या दिवसापासून आमच्या घरांतील कोणताहि कागद दोघांच्या वाचनाशिवाय सहीला गेला नाहीं. आणि पांच रहस्यें आम्हां पांच माणसांत वांटलीं गेलीं. आठ वर्षांचा मुलगा पुढाकार घेई, तेव्हां मला उत्तरार्ध म्हणावा लागे.

पुढें मला असें दिसूं लागलें, कीं आमच्या विवाहसंस्काराचें मर्महि हेंच आहे. पुष्कळांची समजूत असते, कीं धर्मगुरु लग्न लावतो. लॅटिन परंपरेंतील कॅथॉलिक शिकवण निराळी आहे. तो संस्कार वधूवर स्वतःच एकमेकांना देतात. धर्मगुरु ख्रिस्तसभेच्या वतीनें त्यांची संमति विचारतो आणि स्वीकारतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं धर्मगुरु आणि साक्षीदार यांची उपस्थिति आवश्यक ठरविली, ती चोरून झालेलीं लग्नें पुढें नाकारलीं जाऊं नयेत म्हणून. लग्न होतें तें दोघांच्या ‘होय’नें. एकाच्या ‘होय’नें तें होत नाहीं, मग एकाच्या ‘होय’नें तें चालावें कसें? मीं सात गुंठे एकट्यानें विकले, तेव्हां बारा वर्षांपूर्वींचा तो संस्कारच अर्धा करून टाकला होता.

२०२५ सालीं दिवंगत झालेले पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन साधे शब्द वारंवार सांगत: विचारूं का, आभारी आहें, आणि क्षमा कर. २०१६ सालच्या कुटुंबविषयक पत्रकांतहि त्यांनीं ते घातले आहेत. मीं तें वाचलें, तेव्हां मला हंसूं आलें. रोमहून यावयाला ज्याला इतकीं वर्षें लागलीं, तें माझ्या अशिक्षित आईनें एका वाक्यांत करून दाखविलें होतें.

येथें एक खुलासा केला पाहिजे. श्रद्धा म्हणजे संसाराचा विमा नव्हे. जपमाळ म्हणणारींहि घरें मोडतात. आणि क्षमेचें नांव घेऊन बायकांना मारहाण सोसावयाला लावणारीं घरेंहि मीं पाहिलीं आहेत. तो धर्म नव्हे. ज्या जोडीदारापासून जिवाला किंवा मुलांना गंभीर धोका आहे, त्याच्यापासून वेगळें राहण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या कायद्यानेंच दिली आहे. उत्तरार्ध नेहमीं एकाच माणसानें म्हणावा, असें देवानें कोठेंहि सांगितलेलें नाहीं. प्रार्थना घर टिकविते ती कांहीं मंत्रानें नव्हे. दिवसांतून एकदां ती आपणांस आपल्या माणसाच्या शेजारीं बसविते, आणि जें वाक्य आपण टाळूं पाहतों, तेंच नेमकें आपल्या ओंठांवर आणून ठेवते. म्हणावयाचें कीं नाहीं, हें मात्र आपल्याच हातीं राहतें.

आतां आई नाहीं. मुलें आपापल्या संसारांत दूर आहेत. संध्याकाळीं सतरंजीऐवजीं दोन खुर्च्या असतात, कारण गुडघे वांकत नाहींत. एक रहस्य ती सांगते, एक मी सांगतों; पांचव्याला कोणाची पाळी, यावरून अजून थोडा वाद होतो. तिचा आवाज अलीकडे फार बारीक झाला आहे आणि मला ऐकूंहि कमी येतें. माझा अर्धा भाग संपला, कीं मी थांबतों आणि तिच्या ओंठांकडे पाहतों. ते हलूं लागले, म्हणजे मला बरें वाटतें.