पंख्याचे कण्हणे

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला आमच्या घरी पहिला इन्व्हर्टर आला तो २००७ साली, भारनियमनाच्या ऐन भरात. वीज गेल्यावरही दिवा राहू लागला. पंख्याचा सूर मात्र बदलला. "पंखा कण्हतोय रे," अंथरुणाला खिळलेले अण्णा म्हणत. मी तेव्हा औरंगाबादेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतो. "वारा येतोय ना, अण्णा?" एवढेच माझे उत्तर.

तो इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी तरंगाचा होता. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. तिची दिशा तो झटक्याने उलटसुलट करी, सेकंदाला ५० आवर्तने. मधला सावकाश चढ-उतार नाहीच. फूरिएने १८२२ च्या आपल्या उष्णतेवरील ग्रंथात मांडलेल्या रीतीने पाहिले, तर असा चौकोन म्हणजे ५० हर्ट्‌झचा एक ज्या-तरंग आणि १५०, २५०, ३५० असे त्याचे विषमपट सोबती. तिसऱ्याची उंची एक तृतीयांश, पाचव्याची एक पंचमांश. एकूण शक्तीतला सुमारे १९ टक्के वाटा या सोबत्यांचा. मोटरीत ते वारा वाढवत नाहीत. उष्णता आणि गुणगुण वाढवतात. अण्णांचे कान बरोबर होते.

मग हे सोबती गाळून का टाकत नाहीत? कारण १५० हे ५० च्या फार जवळ आहे; एकाला अडवून दुसऱ्याला वाट द्यायची तर तारेचे वेटोळे अवजड नि महाग होते. यावरची युक्ती मला आजही विलक्षण वाटते: वीज कमी नव्हे, अधिकच तोडायची. सेकंदाला २० हजार वेळा चालू-बंद करायची. प्रत्येक स्पंदाची रुंदी मात्र ज्येच्या चढ-उताराप्रमाणे कमीजास्त ठेवायची. गोंगाट आता २० हजारांपाशी, दूर जातो. वाटेत ठेवलेले वेटोळे प्रवाहाच्या झटपट बदलाला विरोध करते आणि समांतर जोडलेला कपॅसिटर उरलेले हेलकावे पोटात घेतो. या जोडीची सीमा हजार हर्ट्‌झला ठेवली, तर २० हजारांचा गोंगाट सुमारे चारशेपटीने क्षीण होतो. ५० चा तरंग जवळजवळ जसाच्या तसा पार होतो. गाळणी तो घडवत नाही. तो त्या तुकड्यांत आधीच असतो.

'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाच्या गणितातला हा शब्द अरबीत 'जीबा' झाला, तो 'जैब' असा वाचला गेला आणि त्याच्या लॅटिन भाषांतरातून 'साइन' आला.

अण्णा २०१० मध्ये गेले. पुढे आम्ही साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतला. पहिल्याच रात्री वीज गेली आणि पंख्याच्या आवाजावरून ते कळलेच नाही. आई म्हणाली, "आता यांना झोप लागली असती."

चौकोनी तरंगाची श्रेणी मी २००७ सालीच परीक्षेत बिनचूक सोडवली होती. घरी ती रात्रभर ऐकू येत होती, तेव्हा ओळखली नाही.