नमुना वाचताना

वेबच्या कामात ज्याला आम्ही रेजेक्स म्हणतो, त्या मजकूर तपासण्याच्या नमुन्याची ओळ लिहिणे एक वेळ सोपे. परंतु दुसऱ्याने लिहून ठेवलेली ओळ वाचणे हे खरेदीखतातील चतुःसीमा वाचण्याइतकेच चिकाटीचे काम आहे, कारण दोन्हीकडे एखाद्या चिन्हाने हद्द सरकते आणि ज्याचा हक्क, तोच बाहेर राहतो.

रिसोड तालुक्यातील आमच्या रिठदचेच उदाहरण घ्यावे. गावाच्या नावाचा रकाना तपासण्यासाठी ^[क-ह]+$ असा नमुना योजला आहे असे समजू. डावीकडून वाचू लागले, की पहिले चिन्ह मजकुराचा प्रारंभ मुक्रर करते, चौकटी कंस ‘क’पासून ‘ह’पर्यंतच्या कोणत्याही एका वर्णास प्रवेश देतो, अधिकचे चिन्ह ‘निदान एकदा, मग कितीही वेळा’ अशी मुभा देते आणि अखेरचे डॉलर मजकूर तेथेच संपावा असा हुकूम सोडते. ‘रिठद’ या तीन अक्षरांत वरकरणी आक्षेपार्ह काहीच नाही; परंतु युनिकोडच्या, म्हणजे संगणकीय वर्णसंकेतांच्या, दप्तरी ते र, वेलांटी, ठ, द असे चार घटक आहेत, आणि वेलांटीचा क्रमांक ‘ह’नंतर येत असल्यामुळे अर्ज नामंजूर होतो. मग कोणी उदार होऊन देवनागरीचा संपूर्ण पट्टाच खुला करतो, तेव्हा रिठद सुखरूप आत येते खरे; पण त्यामागोमाग दंडाची उभी रेघ आणि अंकही बिनदिक्कत शिरतात, आणि मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन मात्र मधल्या एका रिकाम्या जागेपायी अडते.

स्टीफन क्लेनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने नमुन्यांच्या या भाषेला गणिताचा पाया दिला, आणि केन टॉम्प्सन यांनी १९६८ साली तिच्या आधारे मजकूर शोधण्याची रीत मांडली. एक अक्षर म्हणजे एक संकेत, हे अशा नमुन्यांमागचे समीकरण इंग्रजी मजकुरात निभावते. काना-मात्रा-वेलांटीच्या लिपीत ते निभावत नाही, आणि तयार नमुने उचलून आणणाऱ्यांना याचे भान क्वचितच असते.

म्हणून नमुना कोणाला आत घेतो एवढे पाहून वाचकाने थांबू नये. तो कोणाला परत पाठवतो, हे आपल्या तालुक्याच्या गावांची यादी समोर ठेवून तपासावे. रिठदच्या माणसाने आपल्या गावाचे नाव बिनचूक लिहावे आणि पडद्यावर ‘नाव अवैध’ असा शेरा उमटावा, याची जबाबदारी ती ओळ न वाचता मंजूर करणाऱ्याची आहे.