ऐकीव गेंडा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आल्ब्रेख्त ड्यूररचे १५१५ चे 'गेंडा' हे काष्ठमुद्राचित्र आहे. तेथील अभ्यासिकेत ते समोर आले तेव्हा आम्ही आधी त्याचे तंत्रच न्याहाळत राहिलो. काष्ठमुद्रणात छापायची रेष कोरत नाहीत. ती उंच राखून भोवतीचे लाकूड काढून टाकतात. शाई लागते ती त्या राखलेल्या रेषेला.

गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला हा गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला. न्यूरेंबर्गच्या ड्यूररने तो कधीच पाहिला नव्हता. कुणाचे लेखी वर्णन आणि एक रेखाटन एवढाच त्याचा आधार. म्हणून गेंड्याच्या अंगावर चिलखत चढले आणि मानेमागे नसलेले दुसरे शिंग उगवले. ते छापले गेले, दूरवर पोचले आणि दोन शतकांहून अधिक काळ युरोपात प्रमाण ठरले.

आम्ही हसलो, पण फार वेळ नाही. मूळ ग्रंथ न उघडता, केवळ समीक्षकांच्या भरवशावर त्यांविषयी वर्षानुवर्षे तास घेणारे आम्हीच. विद्यार्थ्यांच्या वह्यांत आमच्याही हातून असे एखादे शिंग उमटले असणारच. परतल्यावर त्यांपैकी एक ग्रंथ महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून काढला. आतल्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता.